ऑरेंजला सख्खं कोणी नाही

सौंसरला मला राहायला खोली मिळाली ती माझ्या विषयाच्या जोरावर. मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती, वडील सोबत आले होते, आणि घरमालक ओट्यावर बसून दाढी करत होते. एका गालाला फेस, हातात वस्तरा. त्यांनी माझं नाव, गाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. "कोणता विषय शिकवता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बायॉलॉजी."

वस्तरा हवेत थांबला. "जिऑलॉजी," ते म्हणाले. "झुऑलॉजी. थिऑलॉजी. अपॉलॉजी." शेवटच्या शब्दाला आवाज असा काही चढला की वडील एक पायरी खाली उतरले. "भरलं घर आहे तुमच्या विषयाचं. राहा, बाप्पा. सामान केव्हा आणून राहिले?"

माझ्या आधी जंगल खात्यातला एक बाबू खोली बघून गेला होता आणि त्याला नकार मिळाला होता, हे मला नंतर कळलं. फॉरेस्ट या शब्दाला म्हणे सख्खं यमक सापडत नाही. अशा खात्याचा माणूस रोज सकाळी समोर दिसला तर त्यांच्या जिवाला घोर लागला असता.

हे गृहस्थ मुलांच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मी त्यांना सर म्हणत असे. गावातली हिंदी बोलणारी पोरं तुकमास्तर म्हणत, कारण यमकाला हिंदीत तुक म्हणतात, आणि सर त्या पदवीवर खूश होते. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे. त्याला कारण आहे आणि ते मी योग्य वेळी सांगेन.

इंग्रजी शब्द दिसला की त्याचं यमक काढायचं, हे सरांचं व्यसन होतं. कुणी तंबाखू मळतं, कुणी पत्ते कुटतं, हे यमकं काढायचे. पद्धत ठरलेली. "शब्दाचं मुंडकं उडवा, शेपूट धरा, अन् शेपटीला बाराखडीसारखं एकेक अक्षर लावत जा," असं ते वर्गात सांगायचे. सकाळी नळावर बादली भरताना त्यांचं हेच चाले. बादली भरेपर्यंत केक, बेक, लेक, मेक, टेक. पाणी वाहून गटारात जायचं, पण शब्द अर्धवट सोडून सर नळ बंद करायचे नाहीत. घरातून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओरडायच्या, "अहो, पाणी जाऊन राहिलं." सर तिथूनच सांगायचे, "दोन अक्षरं राहिली फक्त."

यमकांची त्यांनी नातीगोती लावून टाकली होती. नाइट आणि लाइट हे सख्खे. टाइम आणि लाइन हे चुलत. आजा एक, आईबाप वेगळे. दोन शब्द जोडून एकाचं यमक केलं तर ते दत्तक. आणि कम, होम यांच्यासारखे लिहायला सारखे पण बोलायला भलतेच, ते आडनावबंधू. "आडनाव एक म्हणून लग्नात पंगतीले बसतात," सर म्हणायचे, "पण खांदा द्यायले कोणी येत नाही." सरांच्या हातून गेलेला एकही विद्यार्थी इंग्रजीत धड पत्र लिहू शकत नसे, पण कोणता शब्द कुणाचा कोण लागतो ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगे.

रजेचा अर्ज यमकात लिहिला तर मंजूर, असा त्यांच्या वर्गाचा नियम होता. एका पोरानं लिहून आणलं, आय हॅव गॉट अ फीव्हर, काइंडली ग्रँट मी लीव्ह, सर. सरांनी तो अर्ज आख्ख्या स्टाफरूमला वाचून दाखवला. "दत्तक आहे," ते म्हणाले, "पण खानदान चांगलं दिसून राहिलं. दोन दिवस द्या याले." पोरगा त्याच दुपारी नदीवर पोहताना हेडमास्तरांच्या हाती सापडला. हेडमास्तर सरांवर भडकले. सर म्हणाले, "ताप खोटा असंल साहेब, यमक खरं होतं."

मी पांढुर्ण्याची. शनिवारी शाळा सुटली की बसनं घरी जायची, आणि सर बरेचदा त्याच बसला असायचे. पांढुर्ण्याच्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, त्याच्या भेटीला ते जात. कंडक्टर तिकीट म्हणून ओरडला की सर खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "विकेट." पुढच्या वेळेला क्रिकेट. मग थिकेट. कंडक्टरनं आधी दुर्लक्ष केलं, मग हसला, मग त्यालाही नाद लागला. थोड्याच दिवसांत त्या गाडीत असं झालं की कंडक्टरनं तिकीट म्हटलं की मागून संत्र्याचे व्यापारी विकेट म्हणत आणि मोहगावच्या वळणावर चढलेल्या बाया क्रिकेट म्हणत. थिकेट सरांसाठी राखून ठेवत. थिकेट म्हणजे झुडूप हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

आता इतक्या यमकबाज माणसाच्या घरात उखाण्यांचा पाऊस पडायला पाहिजे की नाही? बाहेर पडायचाच. सौंसर-पांढुर्ण्यात लग्न ठरलं की नवरीची आई सरांकडे यायची, जावयाचं नाव सांगायची, आणि सर उखाणा करून द्यायचे. क ला क, ख ला ख, एकदम सख्खा. पण त्यांच्या स्वतःच्या घरात उखाणा म्हणून नव्हता. काकू त्यांचं नाव घेत नसत. हळदीकुंकवाला बाया मागे लागत, घ्या ना, घ्या ना. काकू शांतपणे म्हणत, "आमच्याकडं यमकाचं खातं त्यांच्याकडं हाये. मी पोळ्यांचं पाहते."

त्याचं कारण एकदा काकूंनीच मला सांगितलं. लग्न होऊन सौंसरच्या दारात उभ्या राहिल्या, नणंदांनी वाट अडवली आणि नाव घ्या म्हणाल्या. काकूंनी रात्रभर घोकलेला उखाणा म्हटला. तुळशीपाशी दिवा लावते वाकून, अमुकरावांचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून. सगळ्यांनी वाहवा केली. आणि शेजारी मुंडावळ्या बांधून उभा असलेला नवरदेव म्हणाला, "वाकून अन् राखून? क वेगळा, ख वेगळा. हे चुलत झालं."

"मग मी काय म्हटलं माहीत हाये का?" काकू म्हणाल्या. "म्हटलं, असं आहे तर तुमचं तुम्हीच घ्या. अन् माप लवंडून आत गेली. तेव्हापासून घेतलंच नाही." हे सांगताना त्या हसत होत्या, पण पोळी मात्र लाटता लाटता फाटली.

सरांनाही त्या क ची सल होती. ते एकदा मला बसमध्ये म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी क ले ख म्हणून घेतलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, मग काकूंना सांगा तसं. ते म्हणाले, "सांगून नाव घेववलं तर त्यात काय मजा?" आणि खिडकीबाहेरचे कपाशीचे मळे पाहत बसले. मला त्या माणसाची तेव्हा फार कीव आली. साऱ्या तालुक्यातल्या बायकांच्या तोंडी यांनी नवऱ्यांची नावं घातली, आणि स्वतःचं ऐकायला कान तरसले.

सरांचा एक कायदाही होता. तो इथेच सांगून ठेवते, पुढे कामाला येणार आहे. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरी नाव घेऊन एकमेकांना घास भरवतात. पांढुर्ण्याच्या एका लग्नात नवरदेव रुसला. सासऱ्यानं कबूल केलेलं घड्याळ भलत्याच कंपनीचं निघालं होतं. नवरीनं बिचारीनं नाव घेतलं, जिलबीचा तुकडा धरला, आणि हा पठ्ठ्या तोंड मिटून बसला. नवरी तुकडा धरून तशीच बसली. तेव्हा सर पंगतीतून उठले, हाताला वरण तसंच. म्हणाले, "बापू, नाव घेतलं म्हणजे समन्स लागला. ज्याचं नाव घेतलं त्यानं तोंड उघडायचं. मग घड्याळाचं भांडण कर, हुंड्याचं कर, मी आडवा येणार नाही. पण उखाण्याले अपील नाही." आख्खी पंगत हो हो म्हणाली. नवरदेवानं तोंड उघडलं. तेव्हापासून दोन्ही गावांत हा तुकमास्तरचा कायदा म्हणून चालू झाला, आणि पुष्कळ रुसलेल्या नवरदेवांना त्यानं जिलबी खायला लावली.

आता ऑरेंज.

मी लागले त्याच वर्षी मुलांच्या हायस्कुलाचं स्नेहसंमेलन झालं. त्यात सरांचा कार्यक्रम होता. माइकसमोर उभं राहून ते म्हणाले, कोणताही इंग्रजी शब्द द्या, मी उभ्या उभ्या सख्खं यमक देतो. पोस्टमास्तर म्हणाले स्टॅम्प. सरांनी लॅम्प, कॅम्प, डॅम्प असे तीन परत केले. डॉक्टर म्हणाले पिल. सर म्हणाले, "हिल, मिल, बिल, किल," आणि शेवटच्या दोहोंवर डॉक्टरांकडे पाहिलं. मंडप हसून हसून लोळला.

मग पहिल्या रांगेतून एक म्हातारे उठले. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, खांद्यावर दुपट्टा. हे काकूंचे वडील, मोहगावचे आबाजी. संत्र्याचा मोठा बगीचा होता त्यांचा. काकूंच्या लग्नात त्यांनी लेकीच्या नावानं कलमांची एक ओळ लावली होती, आणि त्या झाडांना त्या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं. त्याची पहिली टोपली घेऊन ते सकाळीच आले होते. कार्यक्रम आटोपला की जावयाला स्वतःच्या हातानं पहिली फोड द्यायची, असा त्यांचा बेत होता. टोपली त्यांच्या पायाशीच होती.

"जवाईबापू," आबाजी म्हणाले, "मले इंग्रजीचा एकच शब्द येते. आमच्या पेट्यांवर छापला राह्यते तो. ऑरेंज."

केवढ्या अभिमानानं म्हणाले. जावयाची वाहवा व्हावी म्हणून आपल्याजवळचं होतं नव्हतं ते इंग्रजी त्यांनी देऊन टाकलं होतं.

सरांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग ओठ हलायला लागले, बॉरिंज, कॉरिंज, डॉरिंज, आणि ते सगळं माइकमधून मंडपभर ऐकू येत होतं. मागून पोरं ओरडली, "चेंज, सर! रेंज! अरेंज!" सरांनी हात वर केला. "आधी शब्द नीट म्हणा. ऑरेंज नाही, ऑरिंज. आता लावा त्याले चेंज. लागते का? चुलत आहे."

पुन्हा ओठ हलले. झेडपर्यंत जाऊन आले. आणि मग सरांनी ते केलं जे त्यांच्यासारख्या माणसानं कधी करू नये. प्रतिज्ञा केली. "मामाजी, तुमच्या शब्दाचं सख्खं यमक मी देणार. अन् जोवर देत नाही, तोवर संत्र्याची फोड तोंडात घालणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या आबाजींनी वाजवल्या. वाजवता वाजवता त्यांची नजर पायाशी ठेवलेल्या टोपलीवर गेली आणि टाळ्या हळूहळू थांबल्या. बायकांच्या बाजूला काकू बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवलीच नव्हती.

सौंसरात राहून संत्रं न खाणं ही काय चेष्टा आहे? पाहुण्याला चहाआधी संत्रं, पूजेला संत्रं, कुणाकडे बसायला गेलं की समोर सोललेलं संत्रं. जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला गेलो तर प्रसादात फोड. सर ती कपाळाला लावायचे आणि माझ्या हातात ठेवायचे. त्या वर्षांत सरांच्या वाटची संत्री मी खाल्ली. सर्दी म्हणून मला कधी झाली नाही.

काकू त्या मारुतीला साकडं घालायच्या, एक शब्द सापडू दे. सर म्हणायचे, "बजरंगबलीले व्याकरण येते हे खरं आहे, पण संस्कृताचं. इंग्रजीचं मी काही सांगू शकत नाही."

शोध तर त्यांनी जिवापाड केला. पॉरिज हा शब्द हाती लागला तेव्हा पॉरिज म्हणजे काय ते अंगी मुरावं म्हणून आठवडाभर दलियाच खाल्ला, आणि मग चुलत म्हणून सोडून दिला. एकदा वाचनालयात कुणीतरी त्यांना डोअर हिंज सांगितलं. हिंज म्हणजे दाराची बिजागरी. भर दुपारी घरी आले आणि दार उघडायला आणि लावायला लागले. दार कुईं करायचं, सर म्हणायचे ऑरिंज. पुन्हा कुईं, पुन्हा ऑरिंज. शेजारचे जमले. काकूंनी गुमान खोबरेल आणून बिजागरीत घातलं. संध्याकाळी निकाल लागला. "दोघं मिळून एकाचं सोंग घेऊन राहिले. दत्तक आहे. मंजूर नाही."

मीही माझ्या परीनं हात लावला. बुरशीचे बीजाणू ज्या इवल्याशा पिशवीत तयार होतात तिला एका जुन्या पुस्तकात स्पोरँज म्हटलेलं मला सापडलं. मी धावतच गेले. सर पुढच्याच बसनं पांढुर्ण्याला गेले आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. शब्द होता, पण त्याचा जोर शेवटाकडे होता, ऑरिंजचा सुरुवातीला. "एक डोक्यावर चालते, एक पायावर," सर म्हणाले. "कशी जमेल सोयरीक? अन् मॅडम, खरं सांगू? मामाजींच्या संत्र्याले बुरशीची बहीण द्यायचं माह्या जिवावर येऊन राहिलं होतं."

हे सगळं हसण्यासारखंच होतं आणि आम्ही हसत होतो. मोहगावला मात्र कुणी हसत नव्हतं. आमच्याकडे जावयानं सासुरवाडीचं खाणं बाजूला सारलं की त्याचा एकच अर्थ होतो. आबाजी दर बहाराला टोपली घेऊन यायचे, सर पाया पडायचे, बसायला टाकायचे, चार गोष्टी गोड बोलायचे आणि फळाला हात लावायचे नाहीत. भाऊबंदांत बोललं जाऊ लागलं की मास्तर सासऱ्यावर नाराज आहे, लेकीचं काही खरं नाही.

एकदा सर घरी नव्हते तेव्हा आबाजी माझ्या दाराशी आले. "बाई, तुम्ही शिकेल आहा. खरं सांगा, जवाईबापू माह्यावर राग धरून आहेत का?"

मी म्हटलं, "नाही हो आबाजी. फक्त यमक सापडत नाही."

"एका शब्दापायी?"

"एका शब्दापायी."

ते दुपट्ट्यानं कपाळ पुसत म्हणाले, "मग मी दुसरा शब्द देतो ना. आता मले फर्स्ट क्वालिटी बी येते."

मी हा प्रस्ताव सरांपुढे ठेवला. सरांचा चेहरा उतरला. पण म्हणाले, "मॅडम, सासऱ्यानं दिलेला शब्द वापस कसा करू? तो तर आणखी मोठा अपमान होईल." म्हाताऱ्याला वाटे जावई रागावला आहे, जावयाला वाटे आपण सासऱ्याचा मान राखतो आहोत, आणि मध्ये काकू दोघांना वाढत होत्या. त्या हिवाळ्यात आबाजी आजारी पडले आणि बरे झाले तेव्हा अर्धे उरले होते. टोपली आता गडी आणून द्यायचा. मागून ते काठी टेकत यायचे. काकूंना म्हणायचे, "माह्या हातची एक फोड त्यानं खाल्ली असती तं बरं झालं असतं." त्या दिवसांत काकू पोळ्या लाटायच्या तेव्हा लाटण्याचा आवाज माझ्या खोलीत यायचा.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा तिगावचा, रेल्वेत. सरांनी स्थळ पाहिलं आणि शेरा मारला, "पगार बेताचा आहे, पण नावाले भरपूर यमकं आहेत. करून टाका." मला त्यांनी उखाण्यांची चळतच बांधून दिली.

लग्न पांढुर्ण्याला, मृग बहाराची संत्री बाजारात असताना. सर-काकू आले. आबाजींना मी मुद्दाम बोलावलं होतं, तेही आले, आणि टोपली आलीच. आमच्या बसचा कंडक्टरही आला होता, कारण त्याला न बोलावून मी पुढे प्रवास कसा केला असता? पंगत बसली. मी नाव घेतलं, घास भरवला. नवरोबांनी नाव घेतलं, भरवता भरवता घास माझ्या शालूवर पाडला. सगळं रीतीप्रमाणे. मग बायांचा मोर्चा जुन्या जोड्यांकडे वळला, आणि कुणीतरी म्हणालं, आता सौंसरच्या काकूंनी घ्यावं.

मला वाटलं त्या पोळ्यांचं ठरलेलं वाक्य टाकतील. त्या उठल्या. हात धुतले. आबाजींच्या टोपलीतलं एक संत्रं घेतलं आणि उभ्यानंच सोलायला लागल्या. पंगतीभर वास सुटला. साल सगळी एका तुकड्यात निघाली. मग त्या सरांच्या पानासमोर जाऊन बसल्या आणि एक फोड त्यांच्या तोंडाशी धरली.

सर ओशाळं हसले. "अगं, नेम आहे ना माझा," ते हळूच म्हणाले.

काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही. आवाज चढवून, साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"आबाच्या मळ्यात पिकलं ऑरेंज,
अमुकरावांचा हट्ट आज मीच करते चेंज."

अमुकरावांच्या जागी नाव होतं. खरंखुरं, त्यांच्या तोंडून, इतक्या वर्षांनी. टाळ्या वाजायला हव्या होत्या, पण कुणी हललं नाही, कारण सरांचा नियम पंगतीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होता. ऑरेंज आणि चेंज. याच यमकाला त्यांनी आख्ख्या शाळेसमोर झिडकारलं होतं.

सरांचे ओठ हलले. मी जवळच होते, मला दिसलं. एकदा ऑरिंज म्हणून पाहिलं, एकदा चेंज. लागत नव्हतं. ते त्यांना कळलं, मला कळलं, आणि काकूंना तर म्हणण्याआधीच कळलेलं होतं. त्या रुसलेल्या नवरदेवाच्या नवरीसारख्याच त्या फोड धरून बसल्या होत्या. लग्नाच्या दिवशी दारात उभी असलेली मुलगी पुन्हा तिथेच येऊन उभी होती, आणि नवरदेव काय म्हणतो त्याची वाट पाहत होती.

पंगतीच्या टोकाकडून कंडक्टर म्हणाला, "मास्तर, समन्स लागला."

सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तोंड उघडलं.

फोड आत गेली. रस मिशीवरून हनुवटीवर आला. सर चावत होते आणि रडत होते, आणि या दोन्ही गोष्टी एकदम करताना माणूस फार वेडा दिसतो. मला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. तेवढ्यात आबाजी भरल्या पंगतीत काठी टेकून उभे राहिले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"जुळलं का जी, जवाईबापू?"

सरांनी घास गिळला. "जुळलं, मामाजी," ते म्हणाले. "सख्खं हाये."

आबाजी खाली बसले आणि दुपट्ट्यात तोंड घालून किती तरी वेळ खांदे हलवत राहिले. मग काठी टेकत जावयाच्या पानापाशी आले, खाली बसले आणि स्वतःच्या हातानं एकेक फोड भरवायला लागले. सरांनी एकही नाकारली नाही. टोपली संपली तेव्हाच ते उठले. परतीच्या बसमध्ये त्यांच्या पोटाचे काय हाल झाले ते कंडक्टरनं मला नंतर सविस्तर सांगितलं, पण ते इथे नको.

सर आणि काकू दोघंही आहेत अजून. सरांना आता ऐकायला कमी येतं, त्यामुळे सगळीच यमकं त्यांना सख्खी वाटतात आणि घरात शांतता आहे. काकू रोज संध्याकाळी संत्रं सोलतात, नाव घेतात आणि मगच फोड देतात. उखाणे म्हणजे नुसता बाजार असतो, क ला ख, प ला फ, काय वाट्टेल ते. सर तोंड उघडून बसलेले असतात.

म्हणून मी नाव लिहिलं नाही. ज्यांना हवंच असेल त्यांनी सौंसरला जाऊन काकूंकडून ऐकावं. जाताना संत्री मात्र न्यावी लागतील.